साठ बाटल्यांचं वाण

मुलुंड (पूर्व)
२४ नोव्हेंबर २०२४

शकु,

हे पत्र टाकून द्यायचं असेल तर दे, पण आधी वाच. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस हे मला ठाऊक आहे. सदतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या बाईला सख्ख्या बहिणीशी बोलायला पोस्टात रांग लावावी लागते, याची तुला गंमत वाटत असेल तर वाटू दे.

जुनं काही उकरण्यासाठी लिहीत नाही. एकच काम आहे.

चेतनाने बारशाचे फोटो स्टेटसला ठेवले. (मला तिने ब्लॉक केलेलं नाही. त्यावरून बाळंतिणीवर डाफरू नकोस.) नात गोड आहे, नाक आपल्या आईचं. पण मी नात नाही बघत बसले. तिला पाळण्यात ठेवायला तू वाकली आहेस, त्या फोटोत तुझं डोकं सरळ कॅमेऱ्याकडे आलं आहे. तो मी दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मग चष्मा पुसून परत पाहिला.

तुझं कपाळ वर सरकलं आहे. भांग रुंद होतो तसं नव्हे, वयाने होतं तसंही नव्हे. सबंध कपाळच दोन-तीन बोटं मागे गेलं आहे, आणि जिथे आधी केसांची रेषा होती तिथे पाच-सहा केस एकटे उभे आहेत, पाडलेल्या कुंपणाच्या राहिलेल्या खुंटांसारखे. मधली कातडी गुळगुळीत, चकचकीत. आणि भुवया तू पेन्सिलने काढल्या आहेस. शकु, तू स्वतःच्या लग्नात पावडर लावून घेतली नव्हतीस.

खाज येते का? जळजळ होते का? फणी फिरवताना केसाच्या मुळाशी दुखतं का? चेतनाला उजेडात बघायला सांग, केस कातडीतून बाहेर येतो तिथे लाल कडं किंवा पांढरा पापुद्रा आहे का. असेल तर चाई समजून लसूण चोळू नकोस आणि कोपऱ्यावरच्या पार्लरवालीला विचारू नकोस. स्किनच्या डॉक्टरकडे जा. इथे मुलुंडला स्टेशनजवळ ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथे डॉ. दीप्ती मंगळवारी आणि गुरुवारी बसतात. घाटकोपरहून पाचवं स्टेशन आहे, सबब सांगू नकोस.

हे मला कसं माहीत, असं विचारशील. वाचनात आलं.

सौ. रत्नप्रभा सामंत


मुलुंड (पूर्व)
८ डिसेंबर २०२४

शकु,

माझं रजिस्टर पत्र परत आलं. वर पोस्टमनच्या लाल अक्षरात ‘घेण्यास नकार’. रजिस्टर केलं ही माझीच चूक. सही करायची म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. म्हणून हे साध्या पोस्टाने, पाठवणाऱ्याचं नाव न घालता, आणि पाकिटावर पत्ता शेजारच्या सुगंधाच्या अक्षरात. तिने विचारलं, “प्रेमपत्र आहे का हो, रत्नाताई?” म्हटलं, “असतं तर तुझ्या अक्षरात पाठवलं असतं का?” परत आलेलं पत्र याच पाकिटात घातलं आहे. ते आधी वाच.

मी चेतनाला फोन केला होता. ती म्हणाली, “मावशी, आई म्हणते केस टेन्शनने गळतायत. डिलिव्हरीचं टेन्शन.”

“डिलिव्हरी कोणाची झाली? तुझी की तिची?”

“तिला मी सांगून थकले. दिवसातून दोनदा तेल चोळते. वर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळते. आग आग होते म्हणते, आणि खूश होते. म्हणते, मुळांपर्यंत पोचतंय.”

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. आमच्या ह्यांनी विचारलं, “कोण गेलं?”

ती आग म्हणजे तेल पोचल्याची पावती नाही. ते दुखणं आहे. शकु, मी वाचलं-बिचलं काही नाही. मला आहे ते. माझ्या डोक्यावर जे झालं ती चाई नव्हती. चाईत केस बऱ्याचदा परत येतात, यात येत नाहीत. त्याचं नाव लायकेन प्लॅनोपायलॅरिस. आपल्या कॉन्व्हेंटमधल्या एखाद्या फादरचं नाव वाटावं असं. (माझ्या कॉन्व्हेंटमधल्या. तू म्युनिसिपालिटीच्या शाळेत होतीस, माहीत आहे.) कपाळाकडून सुरू होणारा आणि भुवया नेणारा जो प्रकार असतो, तो याचाच भाऊबंद. तुला तो आहे असं मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतील. पण बहिणीबहिणींत कधीकधी दिसतो, असं डॉ. दीप्तींनीच मला सांगितलं.

होतं काय, ते मला समजलं तसं सांगते. अंगातले पहारेकरी आपल्याच केसांच्या मुळांना चोर समजतात आणि त्यांच्यावर तुटून पडतात. का, ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही. मूळ सुजतं, मरतं, आणि त्या जागी व्रण भरतो. व्रणातून केस येत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे आमच्याकडच्या केबलसारखंच की. लाइनवर खरखर असते तोवर माणूस पाठवून ती दुरुस्त करता येते. आतली तारच जळली की मग ग्राहकाने कितीही अर्ज करावेत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पेशंटना आता असंच सांगीन.

जळजळ, खाज, लाली म्हणजे खरखर. तुझी लाइन अजून बोलते आहे, म्हणून घाई करते आहे. गेलेलं कपाळ परत येणार नाही, खोटं कशाला सांगू? मागचं वाचवता येतं. आणि जाताना दुखतंच असं नाही. माझ्या टाळूवरचे दोन रुपयांच्या नाण्याएवढे केस गेले तेव्हा मला पत्ताही लागला नव्हता.

मलाही हे अलीकडेच कळलं, नाहीतर आधीच कळवलं असतं.

रत्नप्रभा


मुलुंड (पूर्व)
२१ डिसेंबर २०२४

शकु,

तुझं उत्तर मिळालं. माझ्याच पाकिटाच्या पाठीवर, दोन ओळी: ‘तेलानेच झालं ना गो? मग मी तेलाच्या डॉक्टरकडे जाते.’

पाच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. ‘झ’ अजून तसाच काढतेस.

कालपासून तीन कागद फाडले. ह्यांनी विचारलं, “काय लिहितेस एवढं?” म्हटलं, “माफीनामा.” ते म्हणाले, “तुला येतो?” येत नाही. तरी लिहिते.

सोबत माझ्या रिपोर्टची झेरॉक्स आहे. इंग्रजीत आहे, म्हणून खाली मी मराठीत लिहिलं आहे, ओळीला ओळ, मनाचं काही घातलेलं नाही. डोक्याच्या कातडीचा मसुराच्या डाळीएवढा तुकडा काढून तपासला. मुळांभोवती सूज, मुळांच्या जागी व्रण. तेलाचा कुठे उल्लेख नाही. मी डॉक्टरांना तोंडाने विचारलं होतं, “माझी बहीण जास्वंद, माका, आवळकाठी घालून तेल करते. त्याने झालं का?” त्या म्हणाल्या, “नाही. हे तेलाने होत नाही.”

आता वर उजव्या कोपऱ्यात तारीख बघ.

१७ ऑगस्ट २०२२.

बघितलीस? अलीकडे नाही. सव्वादोन वर्षं हा कागद माझ्या कपाटात साड्यांखाली होता. तुझं तेल निर्दोष आहे हे मला सव्वादोन वर्षं ठाऊक होतं आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. पहिले काही महिने मी मनाशी म्हणायचे, दिवाळीला जाऊन सांगू. मग म्हणायचे, आता एवढ्या उशिरा कशाला? मग एक दिवस तुझ्या नातीचा फोटो आला.

मी तेव्हाच सांगितलं असतं तर तू तेव्हाच तुझं डोकं कोणाला तरी दाखवलं असतंस. तुझ्या भुवया तेव्हा होत्या का गं? चेतनाने त्या वर्षी दसऱ्याला ठेवलेल्या फोटोत मला होत्या असं वाटतं. मी रोज तो फोटो काढून बघते.

आणि त्या दिवसाचंही लिहिते, कारण तू बाहेर निघून गेलीस आणि माझ्या बाजूचं तुला कधी कळलं नाही. २०२० च्या संक्रांतीचं हळदीकुंकू. नवरा गेलेल्या बायकांनाही बोलवायचं, त्यांनाही कुंकू लावायचं, यासाठी मंडळात मीच भांडले होते, तुझ्यासाठी. अनंतराव जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. वाणाला तुझ्या तेलाच्या साठ बाटल्या घ्यायच्या हेही मीच ठरवलं होतं. तू प्रत्येक बाटलीला हिरवी चिठ्ठी लावून आणलीस, आणि दारात उभी राहून एकेकीच्या हातात देत होतीस. कमरेखाली वेणी. बायका वेणीला हात लावून बघत होत्या. मी आत, स्कार्फ बांधून, तिळगुळाचं ताट धरून. तेव्हा मंडळातली रुक्मिणी सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, “रत्नाताई, तुम्हीपण हेच लावता का हो?”

साधा प्रश्न होता. पण सकाळीच ह्यांनी मागून बघून सांगितलं होतं की टाळूवरचा डाग वाढलाय. आणि मला बाबा आठवले. आठवतं ना, आल्यागेल्याला सांगायचे, देवाने एकीला डोकं दिलं आणि एकीला केस. एकीलाच कॉन्व्हेंटला घालण्याची ऐपत होती, त्यावरचा त्यांचा विनोद. तुला तो लागायचा. मलाही लागायचा, हे तुला मी कधी कळू दिलं नाही.

मी स्कार्फ ओढून काढला आणि म्हटलं, “हो, हेच लावते. बघा काय झालं ते. न्या घरी.”

त्यानंतर एकेकीने बाटली टेबलावर परत ठेवली. काच लाकडावर टेकते तो आवाज. तू खाली बघत होतीस. मी मोजत होते. त्रेपन्न.

मला तेव्हा खरंच तेलाचा संशय होता. एवढंच माझ्या बाजूने. पण संशय होता तर तुला खोलीत नेऊन सांगता आलं असतं.

एक गोष्ट तरीही सांगते, आवडणार नाही. तेलाने हे झालं नाही, पण तेलाने बरंही होणार नाही. आणि सुजलेल्या जागी चोळणं, गरम टॉवेल, हे बंद कर. तू ते मला खोटं ठरवायला करत होतीस ना? मी खोटी ठरले. आता थांब.

रत्ना


मुलुंड (पूर्व)
४ जानेवारी २०२५

शकु,

दोन आठवडे झाले. पेटी दिवसातून तीनदा बघते. वॉचमन म्हणाला, “मॅडम, पोस्टमन एकदाच येतो.” त्याला म्हटलं, आपलं गेट सांभाळ.

काल मी घाटकोपरला आले होते. तुमच्या बिल्डिंगसमोर वडेवाल्याच्या छत्रीखाली पाऊण तास उभी होते. तू गॅलरीत बाळाचे लंगोट वाळत घालत होतीस. डोक्याला फडका, अगदी माझ्यासारखा बांधलेला. जिना चढायला पाय उचलला आणि वाटलं, तू दारातून परत पाठवलंस तर डॉक्टरचाही विषय कायमचा संपेल. म्हणून परत फिरले. वडा खाल्ला. बरा होता.

चेतना म्हणते, रिपोर्ट तू देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहेस. टॉवेल बंद केलास, तेल एक वेळेवर आणलंस. म्हणजे माझ्यावर अर्धा विश्वास बसला आहे. अर्ध्याने नाही भागत. मला पहिला डाग दिसल्यापासून नाव कळेपर्यंत तीन वर्षं गेली, त्या तीन वर्षांत रुपयाएवढा डाग तळहाताएवढा झाला. नंतरच्या दोन वर्षांत, औषध सुरू झाल्यावर, जेमतेम बोटाच्या पेराएवढं गेलं. दर भेटीला टेप लावून मोजतात. एका आठवड्यात तुझं किती जात असेल ते मी मनात सारखी मोजत असते, आणि सकाळी उठल्यावर आधी तुझं कपाळ डोळ्यांसमोर येतं, मग माझं.

औषधाला घाबरत असशील तर सांगते. डोक्याला लावायचं लोशन असतं. मागचं मला दिसत नाही, म्हणून हे बसतात, केसांचे पदर करून एकेका भांगात थेंब सोडतात. बँकेत होते तेव्हा फाइल लावायचे तितक्याच मन लावून. दर सहा आठवड्यांनी डोक्यात बारीक सुयांची इंजेक्शनं. दुखतात. मी पहिल्यांदा ‘मदर मेरी’ असं ओरडले, नर्स दचकली. आणि एक गोळी, कोरोनात जिचा गाजावाजा झाला होता तीच. ती सुरू करायच्या आधी डोळे तपासून घ्यावे लागतात आणि पुढेही अधूनमधून, कारण फार वर्षं घेतली तर पडद्याला त्रास होऊ शकतो. तुला काय द्यायचं ते त्या ठरवतील. माझ्या गोळ्यांची नावं विचारून परस्पर आणू नकोस. तू ते करशील, म्हणून लिहीत नाही.

चेतनाने शेवटी तुझा निरोप सांगितला. आधी सांगायला तयार नव्हती. “मावशी, आई म्हणते, साठ बायकांसमोर बोलली. आता पत्रातून एकटीच्या कानात काय सांगते?”

बरोबर आहे.

हळदीकुंकू एकोणीस तारखेला आहे, रविवारी. हॉल तोच.

रत्ना


मुलुंड (पूर्व)
२० जानेवारी २०२५

शकु,

तू येणार नाहीस हे माहीत होतं, तरी दाराकडे बघत होते. घडलं तसं सांगते. चेतनाला खात्री करायची असेल तर सुगंधाला विचारू दे, तिने मोबाईलवर काढलं आहे. मी परवानगी दिली नव्हती.

भाषण लिहिलं होतं, दीड पान. चष्मा घरी राहिला. मग उभी राहिले, स्कार्फ सोडला, आणि म्हटलं, “पाच वर्षांपूर्वी याच जागी मी सांगितलं होतं की माझ्या बहिणीच्या तेलाने माझे केस गेले. ते खोटं होतं. हा आजार आहे, तेलाने होत नाही. हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं आणि मी गप्प बसले. तिच्या बाटल्या तुम्ही माझ्यामुळे परत ठेवल्यात.”

तुला वाटत असेल सगळ्या स्तब्ध झाल्या. अजिबात नाही. निम्म्या नवीन आहेत, त्यांना काही ठाऊकच नव्हतं. एकीने विचारलं, “हे लागतं का हो, दुसऱ्याला?” आणि कडेवरचं पोर मागे घेतलं. म्हटलं, “लागत नाही. एकमेकींची फणी वापरूनसुद्धा लागत नाही.” रुक्मिणी म्हणाली, “अय्या रत्नाताई, आम्ही तर विसरूनपण गेलो होतो.”

हेच मला सगळ्यांत जास्त लागलं. तुझा तेलाचा धंदा बसला, तू पाच वर्षं आग होईपर्यंत डोकं चोळत राहिलीस, आणि ह्या विसरून गेल्या. मी तिला म्हणाले, “मग आता लक्षात ठेव.” जरा जोरात म्हणाले. तिळगूळ घ्यायच्या दिवशी हे बोलायला नको होतं, पण माझी जीभ तुला माहीत आहे.

नंतर सुगंधा मला आतल्या खोलीत घेऊन गेली, कडी लावली आणि डोकं पुढे केलं. “माझंपण बघा ना. मला झोप नाही लागायची.” बघितलं. कोंडा होता. म्हटलं, कोंडाच दिसतो, डॉक्टरांना विचारून शाम्पू लाव आणि झोप.

आणि जाताना पाटीलवहिनी, त्या चष्मेवाल्या, पर्समधून एक बाटली काढून मला दाखवायला आल्या. हिरवी चिठ्ठी. ज्या सात जणींनी ठेवून घेतल्या त्यांतल्या त्या एक. म्हणाल्या, “तेल केव्हाच संपलं. वास छान होता म्हणून बाटली ठेवली, लवंगा भरते त्यात. तुमची बहीण पुन्हा करणार का?” मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारते आहे.

माझ्याकडून एवढंच. याहून जास्त मला येत नाही.

गुरुवारी, तेवीस तारखेला, अकरा वाजता डॉ. दीप्तींकडे तुझं नाव घातलं आहे. स्किन विभाग, पहिला मजला. डोक्याला तेल न लावता ये. भुवयांची पेन्सिल पुसून ये, त्यांना खरं कपाळ दिसायला हवं. शुगरच्या आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी आण. मी बाकावर असेन. माझ्याशी बोलायची अट नाही.

ताई


मुलुंड (पूर्व)
२४ जानेवारी २०२५

शकु,

काल मी नऊपासून बसले होते. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. तुझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मी उठून खिडकीवर सांगितलं, “येतेय, संडासला गेली आहे.” खोटं बोलले. दुसऱ्या पुकाऱ्याला चेतना बाळ घेऊन दिसली आणि तिच्यामागे तू.

तीन खुर्च्या सोडून बसलीस. बरं केलंस, जवळ बसली असतीस तर मी काहीतरी बोलले असते.

आत डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून तुला विचारलं, “ह्या कोण तुमच्या?” आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “शेजारीण.” चेतनाने ओठ चावला. माझं नाक आणि तुझं नाक बघून डॉक्टरांना जे कळायचं ते कळलं असणार. त्यांनी ‘हं’ एवढंच म्हटलं.

मग तू फडका काढलास.

मी फोटोत पाहिलं होतं, पण फोटो दोन महिन्यांपूर्वीचा. मला वाटलं होतं मी तयार आहे. त्यांनी ते दिव्याचं भिंग टेकवून एकेक जागा बघितली, आणि मी पुढे वाकले तशी तू म्हणालीस, “ह्या बाईंना सांगा, उजेड अडवतात.” दिवसभरात माझ्याविषयीचं तुझं हे एकच वाक्य. मी बाजूला झाले.

पुढचं गेलं, असं त्यांनी तुला स्पष्ट सांगितलं, आणि तू मान हलवलीस, हिशोब जुळल्यासारखी. कानांच्या वर आणि टाळूच्या मागे मुळांभोवती लाली आहे, म्हणजे तिथे अजून वाचवण्यासारखं आहे, असं म्हणाल्या. टाळूच्या मागून तुकडा घेतला तेव्हा तू पदर दातांत धरलास आणि डावा हात बाजूला पसरलास, काहीतरी धरायला. तिथे स्टीलचा ट्रे होता. मी तो सरकवला आणि त्या जागी माझा हात ठेवला. तुझे डोळे मिटलेले होते. तो कोणाचा हात होता हे तुला ठाऊक नसेल तर आता सांगते, नर्सचा नव्हता. करंगळी अजून दुखते.

रिपोर्टला दहा दिवस लागतील. मला झोप येत नाही, तुलाही येणार नाही. यावर औषध नाही.

आता कामाचं. पोस्टाने वेळेत पोचणार नाही म्हणून हे सुगंधाच्या हाती पाठवते आहे. दोन टाके आहेत, मागच्या बाजूला, तुला आरशातही दिसणार नाहीत. उद्यापर्यंत कोरडं ठेवायचं. परवापासून हलक्या हाताने धुवायचं, चोळायचं नाही, मग केस बाजूला करून मलम लावायचं. लाली वाढते का, पू दिसतो का, रोज बघायचं. आणि लोशन सुरू झालं की ते रोज, महिनोन्‌महिने, एकेका भांगात. चेतना रविवारी सकाळी सासरी बोरिवलीला जाते आहे. मग तुझ्या घरात दुसरे डोळे नाहीत. मी विचार केला, तू एकटी दोन आरसे घेऊन खटपट करशील, दिसणार नाही, आणि म्हणशील बरं आहे.

रविवारी साडेदहाला मी येते आहे. फणी आणते, शेपटीची, बारीक भांग पाडायला. शाळेत जाताना तुझ्या दोन वेण्या मीच घालायचे आणि ओढून घालायचे, तू रडायचीस. आता नाही ओढणार. ओढायला तसं राहिलंय काय दोघींकडे.

चहा टाकू नकोस. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. दाराची कडी काढून ठेव, गॅलरीजवळ उजेडात स्टूल ठेव, आणि माझ्याकडे पाठ करून बस.

तुझी
शेजारीण